खडक डोळ्यांसमोर उभाच राहत नाही

“मॅडम, बाकीच्यांना नकाशा पाहिला की जमिनीखालचे थर दिसतात. मला नुसत्या रेषा दिसतात. माझ्याकडे ती नजरच नाही. विषय सोडू का?”

भूविज्ञान घेतलेल्या एका विद्यार्थिनीचा हा प्रश्न (ओळख पटेल असे तपशील इथे ठेवलेले नाहीत). संरचनात्मक भूविज्ञानाचा पहिलाच अभ्यासक्रम, म्हणजे खडक कसे वाकतात, तुटतात, सरकतात याचा अभ्यास सुरू झाला की ही तक्रार घेऊन मुलं हमखास येतात. मी भूविज्ञान शिकून मग समुपदेशनाकडे वळले, त्यामुळे अशा वेळी वही उघडूनच बसते.

तिला एक सोपं गणित दिलं: थराचा स्ट्राइक (थरावरच्या आडव्या रेषेची दिशा) उत्तर-दक्षिण, डिप (थराचा उतार) पूर्वेकडे ३० अंश, स्टिरिओनेटवर (त्रिमितीतल्या दिशा कागदावर मांडायची गोल जाळी, तिच्यावर तिरका थर कमानीसारखा दिसतो) काढ. तिने ट्रेसिंग पेपर फिरवला, अंश मोजले आणि कमान पश्चिमेकडे काढली. चूक झाल्याचं तिला जाणवलंही नाही, कारण कमान कुठे यायला हवी याचा अंदाज तिने आधी केलाच नव्हता. सगळं चित्र डोक्यात आपोआप उमटेल याची ती वाट बघत होती, आणि उमटलं नाही की पाठ केलेल्या पायऱ्या उरकत होती.

मी तिला म्हटलं, “तळहात पूर्वेकडे उतरता धर. त्यावर पाणी टाकलं तर कुठे वाहील?” तिने पूर्वेकडे बोट दाखवलं. मग तो तळहात, म्हणजे आपला थर, एका अर्धगोल वाटीच्या तोंडाच्या मध्यबिंदूतून खाली जातो असं धरायचं. वाटीला तो जिथे कापेल ती रेघ म्हणजे स्टिरिओनेटवरची कमान, आणि ती डिपच्या दिशेलाच फुगणार. तळहात उभा करत नेला तर कमान सरळ होत मध्याकडे येते. आडवा केला तर ती कडेच्या वर्तुळाला जाऊन मिळते. हे तिने स्वतः हात हलवून शोधलं. त्यानंतर मी एकच नियम घातला: आधी हात, मग कच्चं चित्र, मग स्टिरिओनेट.

इथे मला ठामपणे सांगायचं आहे. त्रिमितीत विचार करणं ही जन्मजात देणगी आहे, ती असते किंवा नसते, हा समज मुलांचं फार नुकसान करतो. २०१३ साली २१७ संशोधनांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. सरावाने ही क्षमता वाढते आणि वाढलेली टिकते, असं त्यात दिसलं. वर्गातल्या ज्या मुलांना ‘लगेच दिसतं’, त्यांच्या वह्यांचे समास बघा. बऱ्याचदा ते कच्च्या आकृत्यांनी भरलेले असतात.

बोलता बोलता तिची दुसरी अडचण निघाली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटली. कठीण खडक वाकतो यावर तिचा विश्वासच नव्हता. फोल्डची, म्हणजे खडकातल्या घड्यांची, नावं पाठ होती, पण मनात खडक म्हणजे तुटणारी वस्तू. मग आम्ही संशोधक थिओडोर फॉन कार्मान यांच्या १९११ सालच्या प्रयोगांबद्दल बोललो. संगमरवराचे दंडगोल त्यांनी चहूबाजूंनी दाबून ठेवले आणि वरून भार दिला. बाजूचा दाब कमी असताना दगड फुटला. पुरेसा वाढवल्यावर तोच दगड न फुटता आखूड झाला, फुगला. त्यात तापमान आणि काळ मिळवायचा. निसर्गात खडक सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या साधारण कोटीच्या कोटीव्या भागाइतकाच बदलतो. या गतीने निम्म्याने आखडायला सुमारे १६ लाख वर्षं लागतात. हा हिशेब तिने स्वतः केला, आणि मग पहिल्यांदाच पाठांतराचा नाही, खडकाचा प्रश्न विचारला: “मग फोल्ड बघून दाब कुठून आला ते सांगता येतं?” थेट नाही. खडकात आपल्याला दिसतो तो स्ट्रेन, झालेला बदल. स्ट्रेस, म्हणजे खडकावर आलेला दाब किंवा ताण, त्यावरून ताडावा लागतो आणि तिथे अनुभवी माणसंही चुकतात. हे ऐकून तिला खूप हायसं वाटलं.

अर्थात झोप उडाली असेल, सगळ्याच विषयांतून मन उठलं असेल, तर प्रश्न स्टिरिओनेटचा नसतो. तिथे वेगळं बोलावं लागतं. हिच्या बाबतीत तसं नव्हतं.

तिने विषय सोडला नाही. नकाशावरून जमिनीचा उभा छेद काढायला तिला अजून इतरांपेक्षा जास्त वेळ लागतो. तोंडी परीक्षेत हाताने दाखवत उत्तर दिलं तर चालेल का, हे तिने शिक्षकांना आधीच विचारून ठेवलं. ते हो म्हणाले.