बुटाच्या खोक्यातलं लाटणं

प्रश्न : आम्ही चार वर्षं कार्डिफला आहोत, मुलगी तिसरीत आहे. शाळेतून निरोप आला की बुटाचं रिकामं खोकं घ्या आणि त्यात मुलीला तिच्या आवडीच्या घरातल्या वस्तू भरू द्या. आमच्या बाईसाहेबांनी (म्हणजे लेकीने) काय भरलंय तर छोटं लाटणं, आजीचा वाती वळायचा कापूस, गणपतीतली झांज आणि एक दगड! बाकीची पोरं मेडल, लेगो वगैरे आणणार, मला जरा ऑकवर्डच होतंय. मैत्रीण म्हणते यावर इथे सरकारी पैशातून रिसर्च झालाय. खरंय का, की नुसता टाइमपास? आणि सासूबाई (वय 66) इंग्लिशच्या क्लासला चला म्हटलं की म्हणतात, आता काय शिकायचं वय आहे का माझं. त्यांना काय सांगू?
– एक आई, कार्डिफ

उत्तर : ताई, आधी एक करा, खोक्यातली एकही वस्तू काढू नका.

मैत्रीण बरोबर सांगतेय. ब्रिटनमध्ये 2000 साली टीचिंग अँड लर्निंग रिसर्च प्रोग्रॅम नावाचा मोठा कार्यक्रम सुरू झाला, इकॉनॉमिक अँड सोशल रिसर्च कौन्सिल तो चालवायची, आणि त्यात बालवाडीपासून कारखान्यातल्या ट्रेनिंगपर्यंत सगळं होतं. त्यातला एक प्रोजेक्ट ब्रिस्टल आणि तुमच्याच कार्डिफमधल्या प्रायमरी शाळांत झाला, प्रमुख होते मार्टिन ह्यूज. त्यांचं म्हणणं साधं होतं. शाळेकडून घराकडे सतत काही ना काही येत असतं, होमवर्क, नोटिसा, रिपोर्ट, पण घरचं शाळेत काय जातं? जवळजवळ काहीच नाही. म्हणून मग ही खोकी, आणि त्यातल्या वस्तूंवरून पोरांनी लिहायचं. काही मुलांना वापरून टाकायचे कॅमेरे दिले, घरात जिथे जिथे गणित दिसेल तिथे फोटो काढा म्हणून. उलट्या बाजूने वर्गातल्या तासांचे व्हिडिओ करून आईबापांना दाखवले.

आता तुमच्या सासूबाई वाती मोजताना बघा, पाच-पाचच्या जुड्या करतात ना? तो कापूस बघून टीचरने नुसतं "हाऊ लव्हली" म्हटलं आणि खोकं खिडकीत ठेवून दिलं तर तुमचा टाइमपासचा डाउट खराच. पण "हे कोण करतं, किती करतं, कशी मोजतात" असं विचारलं तर पोरगी अर्धं पान सहज लिहील, कारण तिथे वर्गात तिच्याइतकं त्यातलं कुणालाच कळत नाही. हा फरक मी मनाने सांगत नाहीये. याच प्रोग्रॅममध्ये मेरी जेम्स यांच्या टीमने इंग्लंडमधल्या 40 शाळांबरोबर, मुलांना शिकायचं कसं हे शिकवण्यावर काम केलं, त्यात तासांचे व्हिडिओ तपासले तर नव्या पद्धती बऱ्याच जणांनी उचलल्या होत्या पण त्यामागचा हेतू साधारण पाचव्या हिश्श्याच्याच तासांत दिसला, बाकी ठिकाणी नुसतं कर्मकांड. (आपल्याकडे ज्ञानरचनावादाच्या, म्हणजे मुलांनी स्वतः करून शिकायच्या पद्धतीच्या नावाने फरशीवर ऑइलपेंटने आकडे-अक्षरं रंगवली आणि वर पूर्वीसारखीच घोकंपट्टी, असंही झालंच की काही शाळांत.)

म्हणून टीचरला दोन ओळींची चिठ्ठी द्या, कुठली वस्तू काय आहे आणि घरात कोण वापरतं, बास. जास्त समजावत बसू नका, पोरीला सांगू दे.

सासूबाईंचं म्हणाल तर या प्रोग्रॅममध्ये लर्निंग लाइव्ह्ज म्हणूनही एक काम होतं, मोठ्या माणसांना काही वर्षं परत परत भेटून त्यांच्या आयुष्याच्या गोष्टी ऐकल्या. त्यात दिसलं की शिकणं फक्त क्लासमध्ये होत नाही आणि आपली गोष्ट सांगता सांगताही माणूस शिकतो. त्यामुळे क्लासचा आग्रह तूर्तास सोडा. शाळेने परवानगी दिली तर त्यांनाच एक दिवस वर्गात वाती वळून दाखवायला न्या, इंग्लिश मोडकंतोडकं चालेल, नात आहेच मदतीला. तिथून घरी येऊन त्यांनी स्वतःच विचारलं की "कापूस वळणे" याला काय म्हणतात, तर मग क्लासचा विषय काढा.

आणि तो दगड कुठला आहे ते विचारलंत का तिला? आम्हालाही कळवा.