नव्या मेंटेनन्स सुपरवायझरसाठी: फिटर तयार कसा करायचा

लोटे-परशुरामच्या एमआयडीसीत शिफ्ट हातात आली असेल तर आधी एक यादी कर: कुठलं काम एकट्याच फिटरला येतं? गणपतीत तो गावी गेला की पंप अडलाच. अशा कामांसाठी जूनपासूनच दुसरा माणूस तयार करायला घे.

शिकवताना पाना हेल्परच्या हातात दे, तू बाजूला उभा राहा. अलाइनमेंटआधी (मोटर आणि पंपाचे शाफ्ट एका रेषेत आणण्याआधी) सॉफ्ट फूट, म्हणजे मोटरचा एखादा पाय बेसवर नीट टेकत नाही का, ते तपासायला लाव: मोटरच्या पायावर डायल गेज, एका वेळी एकच बोल्ट ढिला. काटा 0.05 मिमीपेक्षा जास्त हलला तर शिम (पायाखाली सरकवायची पातळ पत्र्याची पट्टी) लागणार. हे सोडलं तर बोल्ट आवळताच मोटरची बॉडी पिळते आणि बेअरिंग लवकर जातं. हे कारण त्याच्याच तोंडून येऊ दे. चुकला तर चारचौघांत झापू नकोस. पुढची चूक तो लपवेल, आणि लपवलेली चूकच प्लांट बंद पाडते.

पावसाळ्यात स्टँडबाय मोटर दमट होते. 415 व्होल्टच्या मोटरला 500 व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) 1 मिनिट लावून आकडा त्यालाच वहीत लिहू दे. ड्राइव्ह (मोटरचा वेग बदलणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) असेल तर मोटरची केबल त्यापासून आधी सोडायची, नाहीतर ड्राइव्ह जाईल.

लॉकआउटला, म्हणजे काम संपेपर्यंत बंद स्विचला कुलूप लावण्याला, मात्र सूट नाही. हेल्परचंही कुलूप वेगळं, चावी त्याच्याच खिशात.