टॅक्सी चालवत स्टार झाला, पण मधली वर्षं?

प्रश्न : माझं सांगलीत सलून आहे. मुलगा मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शिक्षण सोडून मालिकांत काम करायला मुंबईला जायचं म्हणतो. 'स्टार ट्रेकमधला स्पॉक टॅक्सी चालवत मोठा झाला, त्याचे वडीलही तुमच्यासारखे सलूनच चालवायचे,' असं सांगून मला गप्प करतो. काय करू? – एक वडील

उत्तर : नमस्कार. मुलगा खोटं बोलत नाही. 'स्टार ट्रेक' या अमेरिकी विज्ञानमालिकेत स्पॉकचं काम करणाऱ्या लिओनार्ड निमॉयचे वडील बोस्टनमध्ये खरंच केस कापायचे. युक्रेनमधून आलेलं ते कुटुंब. पोराने पोटापाण्याचं काहीतरी पक्कं शिकावं, निदान अकॉर्डियन तरी वाजवायला शिकावं, त्यावर केव्हाही पोट भरेल, असा वडिलांचा सल्ला होता. (तुमचा जीव का खालीवर होतो, ते या गृहस्थांना चांगलं कळलं असतं.) नट हो म्हणणारे एकटे आजोबा.

पण चिरंजीव मधली वर्षं गाळून गोष्ट सांगतात. व्हॅक्यूम क्लीनर विकून पैसे जमवले, तेव्हा कुठे निमॉय कॅलिफोर्नियाला गेला. विशी गाठायच्या आत गेला आणि 1966 मध्ये 'स्टार ट्रेक' सुरू झाली तेव्हा 35 वर्षांचा होता. मधे जवळपास दोन वर्षं सैन्यात गेली. टॅक्सी चालवली, पाळीव प्राण्यांच्या दुकानात राबला, पुढे अभिनयही शिकवला. मालिकांमध्ये कामं मिळत होती, पण एका भागापुरती. दोन आठवड्यांहून जास्त चाललेलं पहिलं काम म्हणजे स्पॉक, असं तो स्वतः सांगायचा. तोवर लग्न होऊन दोन मुलं झाली होती. आणि ती मालिका तरी किती चालली? तीन सीझन, 79 भाग. 1969 मध्ये बंद. पुढे त्याने 'मिशन : इम्पॉसिबल'मध्ये काम केलं, रंगभूमीवर उभा राहिला, दिग्दर्शनाकडे वळला. 1987 चा 'थ्री मेन अँड अ बेबी' त्यानेच दिग्दर्शित केला आणि तो अमेरिकेत तुफान चालला.

म्हणून मुलाला 'जाऊ नको' म्हणू नका. 'ऑडिशन चालू असताना महिन्याचं भाडं कशातून देशील?' एवढंच विचारा आणि उत्तर कागदावर मागा. निमॉयकडे वेळ आपल्या हातात ठेवणारी कामं होती, याची काय आहेत?

दुसरं, त्याला अभिनय शिकायचा असेल तर राष्ट्रीय नाट्य विद्यालय काय किंवा पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट काय, दोन्हीकडे प्रवेशाला पदवी लागते. नाट्य विद्यालय तर नाटकांत काम केल्याचा अनुभवही मागतं. तेव्हा उरलेली वर्षं सांगलीत राहूनच कामी आणता येतील: कॉलेजच्या एकांकिका, राज्य नाट्य स्पर्धा, बॅकस्टेज, मिळेल ते. यंदा एखाद्या एकांकिकेत तो उभा राहिला तर सलून लवकर बंद करून बघायला जा. तालमींना तो रोज वेळेवर जातोय का, तेही दिसेल. नंतर मला पुन्हा लिहा.