पीडीए 2.2 मिलिमीटर, म्हणजे किती गंभीर?

प्रश्न : आमचं बाळ 27 व्या आठवड्यात जन्मलेलं, वजन 940 ग्रॅम. पुण्यातच एनआयसीयूमध्ये (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) सीपॅपवर, म्हणजे नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर आहे. पाचव्या दिवशीच्या इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) ‘पीडीए 2.2 मिमी, एलए-एओ 1.7’ आलंय. एक डॉक्टर म्हणतात मोठा आहे, दुसरे म्हणतात औषध नको, थांबू. खरं काय मानायचं?
— एक आई, धनकवडी

उत्तर : ताई, दोघांचंही बरोबर असू शकतं. पीडीए म्हणजे हृदयाजवळ महाधमनी आणि फुप्फुसांची रक्तवाहिनी यांना जोडणारी, जन्मानंतरही उघडी राहिलेली नळी. पहिले डॉक्टर त्या नळीबद्दल बोलताहेत, दुसरे बाळाबद्दल.

पोटात असताना फुप्फुसांना वगळून रक्त नेणारी ही नळी पूर्ण दिवसांच्या बाळात साधारण तीन दिवसांत मिटते. 27 आठवड्यांच्या बाळात तिचा स्नायू कच्चा असतो, म्हणून ती उघडी राहते आणि महाधमनीतलं रक्त उलट फुप्फुसांत शिरतं. फुप्फुसं ओली होतात. आतडी आणि मूत्रपिंडांना रक्त कमी पडतं. गंभीरपणा ठरतो तो या दोन्हींवरून.

नळीची रुंदी सगळ्यात अरुंद जागी मोजतात. 1.5 मिमीच्या पुढे ती सहसा दखल घेण्याजोगी, म्हणून 2.2 ला मोठाच म्हणायचं. एलए-एओ म्हणजे हृदयाचा डावा वरचा कप्पा महाधमनीच्या किती पट आहे ते, 1.5 च्या वर गेला तर फुप्फुसांतून जादा रक्त परततंय. पण वरच्या दोन कप्प्यांमधलं भोक मोठं असेल, तर कप्पा तिथून रिकामा होतो आणि हा आकडा फसवा निघतो. नळीतल्या रक्ताचा वेग सेकंदाला 2 मीटरच्या आत असेल तर ती सताड उघडी आहे, 2.5 च्या वर गेला तर आवळायला लागली आहे. आम्हाला सगळ्यात मोलाची वाटते ती वेगळीच ओळ : दोन ठोक्यांच्या मध्ये खाली जाणाऱ्या महाधमनीत रक्त पुढे जातंय, थांबतंय की मागे फिरतंय? मागे फिरत असेल तर आतड्यांचा वाटा चोरीला जातोय. तुमच्या रिपोर्टमध्ये ती ओळ आहे का, जरूर विचारा.

आता बाळाकडे बघू. सीपॅपचा दाब किंवा ऑक्सिजन वाढवावा लागतोय का? श्वास थांबण्याचे प्रसंग वाढलेत का? तळहातावर नाडी उसळते का? रक्तदाब 48/18 असा, म्हणजे दोन आकड्यांत 25 हून जास्त फरक दिसतो का? लघवीसाठी डायपर वजन करतात, 1 ग्रॅम म्हणजे 1 मिली. तुमच्या बाळाची 24 तासांत 22 मिलीच्या आत आली तर ती कमी. मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू येत नाही यावर मात्र विसंबू नका. रुंद नळी कधी कधी गप्प असते.

थांबण्यालाही आधार आहे. नेदरलँड्स-बेल्जियम-डेन्मार्कमधल्या (2023) आणि ब्रिटनमधल्या (2024) मोठ्या चाचण्यांत, नळी रुंद असलेल्या इतक्या लहान बाळांना पहिल्या तीन दिवसांतच नळी मिटवणारं आयबुप्रोफेन देऊन मृत्यू किंवा फुप्फुसांचा जुनाट आजार कमी झाला नाही. औषध ठरलंच तर नेहमीचा क्रम किलोमागे 10, 5, 5 मिग्रॅ, 24 तासांच्या अंतराने. त्यानं लघवी घटू शकते, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम सांगणारं) आणि प्लेटलेट्स बघतात. त्या बिघडल्या असतील तर बहुधा पॅरासिटामॉल निवडतात.

वरची लक्षणं शांत असतील तर थांबावं, पण पुढचा इको कधी ते आजच ठरवून घ्यावं. पोट फुगलं, शीमध्ये रक्त आलं किंवा श्वासनळीत रक्त दिसलं, तर त्या तारखेची वाट बघायची नाही. तोंडाचं दूध थांबवलं असलं तरी तुम्ही दर तीन तासांनी दूध काढून साठवत राहा. बाळाला पहिल्यांदा तेच लागणार आहे.