आधी ते 'सुमन' काढून टाक

परतूरच्या लेकी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. "मावशी, मी कादंबरी लिहायला घेतलीय, आमच्या घरातल्या चार पिढ्यांच्या बायकांची, पणजीपासून माझ्या लेकीपर्यंत, निजामाच्या राज्यातून लीड्सपर्यंत. तीन प्रकरणं झाली आणि अडकले. नवरा म्हणतो रिकामे उद्योग. लेक तेरा वर्षांची, मराठीत विचारलं तरी इंग्रजीत उत्तर देते. त्यात सासूबाई सहा महिने येतायत, ऐन थंडीत. काय करू?"

आणि मग पार खाली एक ओळ टाकलीस, "पणजीला सगळे जिजी म्हणायचे, खरं नाव कुणालाच माहीत नाही, म्हणून मी सुमन ठेवलंय."

सुमन! अगं 1910 च्या आसपास जन्मलेली, परतूर तालुक्यातल्या खेड्यातली बाई आणि नाव सुमन? गंगाबाई ठेव, कोंडाबाई ठेव, आधीची लेकरं गेली असतील तर धोंडाबाई ठेव, पण सुमन ऐकल्यावर मला तरी कॉलेजात सायकलवर जाणारी मुलगी दिसते. तू अडकलीस त्याचं कारण मला तरी हेच वाटतं. जिचं नाव ठाऊक नाही ती बाई चौथ्या प्रकरणात येणारच कशी?

रागावू नकोस, हे पाप मी पण केलंय. 1998 ला आम्ही बाहेर निघालो तेव्हा अंबाजोगाईच्या घरातली सगळी पितळी भांडी मी मोडीत घातली, परात, घंगाळ, तपेली, सगळं वजनावर, आणि त्या पैशात स्टीलचे डबे आणि कुकर घेतला. एक कळशी तेवढी राहिली कारण तिला चीर गेलेली, भांडेवाला भाव पाडत होता म्हणून आईनं दिली नाही. नंतर कितीतरी वर्षांनी सुट्टीत गेले तेव्हा चिंच लावून घासायला घेतली तर गळ्याखाली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं निघाली, 'चि. चंद्रभागा, गंगाखेड'. आमच्या घरात चंद्रभागा कुणीच नव्हती. आई तोवर गेलेली. केजच्या आत्यांना फोन लावला, त्यांना कमी ऐकू येतं, भाच्यानं स्पीकरवर टाकला, तर म्हणाल्या, "कामून गं, मेलेल्या बाईचं नाव कशाला पायजे तुला?" मग जरा वेळानं आपणच म्हणाल्या, "मोठी माय होती ती. तिच्या सासूचं नाव पण चंद्रभागाच, म्हणून लग्नात ताटात तांदूळ पसरून रुक्मिणी लिहिलं."

झालं. अंगठीनं तांदळात तीन अक्षरं काढली आणि दहा-अकरा वर्षांच्या पोरीचं नाव गेलं, ते थेट माझ्या हातात आलं चिंचेच्या फेसातून. आणि तेही गंगाखेडचं! जनाबाई तिथलीच. ती अभंगात शेवटी आपलं नाव घालून गेली म्हणून सातशे वर्षांनी आपल्याला ठाऊक आहे. आपल्या पणज्यांनी कुठे घालायचं होतं?

तर तू आता शोध. वंशावळीत बघू नकोस, तिथे अमक्याचा तमका असे नुसते पुरुषच असतात. 2023 पासून मराठवाड्यात कुणबी दाखल्यासाठी घरोघरी निजामकाळातल्या नोंदी शोधणं चाललंय, उर्दू-मोडी वाचणाऱ्यांना भाव आलाय, पण त्यातही सगळे आजोबा-पणजोबाच हुडकतात. तू जमिनीचे कागद बघ. 1954-55 च्या खासरा पाहणीची, म्हणजे जमिनीच्या जुन्या नोंदवहीची, नक्कल भावाला काढायला सांग. पणजी विधवा झाली असेल आणि जमीन तिच्या नावावर लागली असेल तर अमुकबाई भ्र. तमुक असं सापडेल, भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. आणि घरात हक्कसोडपत्र असेल तर ते सोडू नकोस, आत्यांची नावं तिथे ओळीनं सापडतात, हक्क सोडायच्या वेळी बरोबर आठवतात सगळ्यांना! आणखी एक, पित्रं घालत असाल तर अविधवा नवमीला कुणाच्या नावानं सवाष्ण जेवते ते विचार. श्राद्धात आई, आजी, पणजी तिघींची नावं लागतात, भटजी विचारतात आणि आमच्याकडचे पुरुष एकमेकांची तोंडं बघतात, तुमच्याकडे काय होतं बघ.

जुना कागद शोधताना जालना जिल्हा म्हणून शोधू नकोस हं, जालना जिल्हा 1981 ला झाला, त्याआधी परतूर परभणीत. आणि निजामाचा कागद असेल तर साल फसली असेल, म्हणजे तिकडच्या महसुली कालगणनेचं, त्यात 590 मिळव म्हणजे आपलं साल येतं. आणि तू पाठवलेल्या दुसऱ्या प्रकरणात पणजी 15 ऑगस्ट 1947 ला गावभर गूळ वाटते ते आधी खोड. त्या दिवशी परतूर निजामाच्या राज्यात होतं, रझाकारांची भीती होती, पोलीस अॅक्शन 13 सप्टेंबर 1948 ला सुरू झाली आणि 17 तारखेला निजाम शरण आला. गूळ वाटायचा तर तेव्हा. गावात ब्रिटिश कलेक्टर येतो तेही काढ, आपल्याकडे जिल्ह्याचा साहेब म्हणजे अव्वल तालुकदार. शाळेत 17 सप्टेंबरला झेंड्याला उभी राहिलीस ना गं तू? मग?

आता बाकीचं. नवऱ्याला बोलू दे, आमचे हे अजून बोलतात. लेक इंग्रजीत उत्तर देते तर देऊ दे, तिला ऐकून समजतंय ना, माझा लेक चोविसाव्या वर्षी आपणहून मराठी बोलायला लागला, बायको नांदेडची मिळाली म्हणून. कादंबरी मराठीत की इंग्रजीत हेही विचारलंयस, तुला शिव्या ज्या भाषेत सुचतात त्या भाषेत लिही.

आणि सासूबाई. तू हीटरच्या बिलाचं काय, थर्मल कुठले घ्यायचे, स्वयंपाकघर कसं वाटून घ्यायचं असं सगळं विचारलंस. अगं तुझ्या लेकीच्या दुसऱ्या बाजूच्या सगळ्या बायका डोक्यात घेऊन एक बाई सहा महिने तुझ्या घरात राहायला येतेय! त्यांना त्यांच्या सासूचं माहेरचं नाव विचार, मग त्या सासूच्या सासूचं. लेकीला शेजारी बसव आणि फोन रेकॉर्डिंगला लावून ठेव. फक्त दुपारच्या चहाच्या आधी विचारू नकोस, केजच्या आत्या पण चहा झाल्याशिवाय काही सांगायच्या नाहीत.