अपोफिस लघुग्रह आणि इजिप्तचा महासर्प अपेप यांच्यात नावापलीकडे काही नाते आहे का?

आपला प्रश्न असा आहे की, २०२९ मध्ये पृथ्वीच्या अगदी जवळून जाणाऱ्या लघुग्रहाला इजिप्तच्या विनाशकारी देवतेचे नाव आहे, तर प्राचीन इजिप्शियनांना या घटनेची काही पूर्वकल्पना होती का. तशी ती नव्हती. मात्र अनागोंदीच्या एका देवाला त्यांनी आकाशात खरोखरच जागा दिली होती, आणि तो देव अपोफिस नव्हे, तर सेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हा लघुग्रह १९ जून २००४ रोजी अमेरिकेतील किट पीक वेधशाळेतून सापडला. त्याच वर्षी डिसेंबरअखेर १३ एप्रिल २०२९ च्या टकरीची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत चढली आणि शून्य ते दहा अशा टोरिनो धोकामापनावर त्याला ४ हा अंक मिळाला. एवढा अंक आजवर दुसऱ्या कोणत्याही लघुग्रहाला मिळालेला नाही. त्यानंतर मार्च २००४ मधील जुन्या छायाचित्रांत तो आढळला, कक्षा अधिक अचूक निघाली आणि २०२९ ची टक्कर २७ डिसेंबरलाच बाद झाली. नाव मिळाले ते त्यानंतर, जुलै २००५ मध्ये. शोधकर्त्यांपैकी दोघांना एक दूरचित्रवाणी मालिका आवडत असे आणि तिच्यातील खलनायकाचे नाव अपोफिस होते. म्हणजे धोका टळून सहा महिने उलटल्यावर ही देवता लघुग्रहाला चिकटली. मार्च २०२१ मधील रडार वेधांनंतर तर पुढील किमान शंभर वर्षे टक्कर नाही, हे निश्चित झाले.

अपोफिस हे ग्रीक रूप. मूळ इजिप्शियन नाव अपेप. सूर्यदेव रा रात्रीचे बारा तास नौकेतून पाताळात, म्हणजे दुआतमध्ये, प्रवास करतो आणि हा महासर्प त्याची वाट अडवतो. राजांच्या थडग्यांतील ‘अमदुआत’ या ग्रंथात सातव्या तासाला तो नौकेखालचे पाणीच पिऊन टाकतो, त्यामुळे नौका वाळूत रुतण्याची वेळ येते. अपेपचे मंदिर नव्हते, त्याला कोणी नैवेद्य दाखवत नसे. त्याच्यासाठी होता तो केवळ बंदोबस्ताचा विधी. ब्रिटिश म्युझियममधील एका पपायरसवर तो विधी तपशीलवार लिहिलेला आहे. मेणाचा साप करायचा, हिरव्या शाईने त्याचे नाव लिहायचे, त्यावर थुंकायचे, डाव्या पायाने तुडवायचे, सुरी खुपसायची आणि शेवटी आगीत टाकायचे. चित्र काढतानाही सापाच्या अंगात सुऱ्या रोवलेल्या दाखवत, कारण काढलेला साप जिवंत होऊ शकतो अशी श्रद्धा होती.

मला यातले महत्त्वाचे वाटते ते हे की अपेपचा हल्ला रोज रात्री होत असे आणि रोज सकाळी सूर्य उगवत असे. जगबुडीची एकच ठरलेली तारीख ही कल्पना त्याच्या कथेत बसत नाही. आपल्याकडे ग्रहण म्हटले की राहू आठवतो, म्हणून पुष्कळ जण अपेपलाही ग्रहण लावणारा समजतात. परंतु इजिप्शियन धार्मिक लेखनात ग्रहणाची स्पष्ट वर्णने फारच थोडी आहेत, आणि अपेपची खरी वेळ रात्र हीच आहे.

आता सेतविषयी. आपल्या भावाचा, म्हणजे ओसायरिस या देवाचा, खून करणारा, वादळांचा आणि वाळवंटाचा हा देव स्वतःच अव्यवस्थेचे रूप. तरीही रा च्या नौकेच्या पुढच्या टोकावर भाला घेऊन अपेपला भोसकण्याचे काम त्याच्याकडेच होते, कारण तेवढे बळ दुसऱ्या कोणात नव्हते. आपण ज्यांना सप्तर्षी म्हणतो ते सात तारे इजिप्शियनांच्या मते बैलाचा पुढचा पाय, आणि तो पाय सेतचा. रामेसिस सहावा याच्या थडग्यातील मजकुरानुसार तो उत्तर आकाशात गारगोटीच्या दोन खुंट्यांना सोन्याच्या साखळीने बांधलेला आहे आणि पाणघोडीच्या रूपातील आयसिस देवी त्याची राखण करते, म्हणजे तो खाली दुआतमध्ये उतरू नये. या कल्पनेमागे प्रत्यक्ष निरीक्षण आहे. परांचन गतीमुळे, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाची दिशा हळूहळू बदलत असल्यामुळे, त्या काळी सप्तर्षी खगोलीय ध्रुवाच्या आजच्यापेक्षा बरेच जवळ होते आणि इजिप्तमधून ते मावळत नसत. दिसते ते असे की उत्तरेला ते सात तारे रात्रभर एका बिंदूभोवती फिरत आहेत आणि क्षितिजाला टेकत नाहीत. अशा वेळी दाव्याला बांधलेले जनावर आठवणे अगदी साहजिक होते. आज महाराष्ट्रातून पाहिले तर सप्तर्षी मावळतात.

अपोफिस सर्वांत जवळ येईल तो क्षण भारतीय वेळेनुसार १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे सव्वातीनच्या सुमाराचा आहे. तेव्हा तो भूपृष्ठापासून सुमारे ३२,००० किलोमीटरवर, म्हणजे भूस्थिर उपग्रहांच्याही अलीकडे असेल आणि युरोप व आफ्रिकेच्या बऱ्याच भागांतून नुसत्या डोळ्यांनी दिसू शकेल. त्या वेळी इजिप्तमध्ये मध्यरात्रीचा सुमार असेल, आणि इथे आपल्या आकाशात सप्तर्षी वायव्येकडे कललेले असतील.