सीएनसी राउटरवर (संगणकाने चालणाऱ्या कोरीवकामाच्या यंत्रावर) दाराची नक्षी एका बाजूला खोल, दुसऱ्या बाजूला उथळ का येते?

बहुतेक वेळा दोष फाइलचा नसतो; बेडवरचा (यंत्राच्या टेबलावरचा) एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड, किंवा त्यावरची कोरायची फळी सपाट नसते आणि झेड झिरो (खोली मोजायचा शून्य बिंदू) मात्र एकाच कोपऱ्यात घेतलेला असतो. सांगलीत दारं-देव्हाऱ्यांची कोरीव कामं करतो. पावसाळ्यात हे हमखास होतं, कारण ओल धरून एमडीएफ फुगतो. व्ही-बिटला (व्ही आकाराच्या टोकदार कोरायच्या पात्याला) तेवढंही खपत नाही: खोलीत 1 मिमी फरक पडला की 60 अंशांच्या बिटची रेघ सुमारे 1.15 मिमीने रुंदावते, 90 अंशांची तर थेट 2 मिमीने. स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) बंद ठेवून बिटचं टोक चारही कोपऱ्यांवर आणि मध्यभागी न्या, खाली साधा कागद सरकवून बघा. एकीकडे अडकला नि दुसरीकडे मोकळा फिरला, तर फळी काढून बेडवर तीच चाचणी. बेड वाकडा असेल तर सरफेसिंग बिटने (पृष्ठभाग सपाट करणाऱ्या रुंद बिटने) एमडीएफ तासा आणि झेड झिरो नव्याने घ्या. बेड ठीक असेल तर फळीला रंधा मारा. नुसती क्लॅम्पने आवळून सरळ करायच्या नादी लागू नका, सोडली की परत वाकते. मात्र नक्षी सुरुवातीला बरोबर येऊन पुढे पुढे खोलच होत गेली, तर हे सगळं सोडा आणि कोलेट (बिट आवळून धरणारा भाग) बघा. त्यात भुसा अडकला की पकड सुटते आणि बिट हळूहळू खाली सरकतो.